पृथ्वी संत्र्यासारखी निळी कशी? अतिवास्तववादी कवी गावच्या वाचनकट्ट्यावर घ्यायचे आहेत

पांदण (प्रश्न)

नमस्कार मंडळी. वरूड तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात महिन्यातून दोन रविवारी कट्टा भरतो, दोन तासांचा. येणारे चौदा-पंधरा जण. अकरावी-बारावीची पोरं, दोन मास्तर, अंगणवाडीताई, चार-पाच संत्रा बागायतदार आणि भजनी मंडळातले तीन म्हातारे, जे सगळ्यांत जास्त प्रश्न विचारतात. पुढची बैठक अतिवास्तववादी (सुररिअलिस्ट) कवींवर ठरली आहे. हाताशी इंग्रजी अनुवाद आहेत, फ्रेंच कोणालाच येत नाही. प्रोजेक्टर नाही, लाइटचा भरवसा नाही.

कोणाकोणाला घ्यावं आणि कोणत्या क्रमानं? फ्रेंच कवी एल्युआरची 'पृथ्वी संत्र्यासारखी निळी' ही प्रसिद्ध ओळ बागायतदारांसमोर वाचली की पहिला प्रश्न येणार, "निळा संत्रा कोणाच्या बगिच्यात पाहिला बाप्पा?" त्याला काय उत्तर द्यायचं?

शिवाय नुसतं व्याख्यान नको आहे, हातानं करूनही पाहायचं आहे. आपोआप लेखन (विषय न ठरवता, न थांबता भरभर लिहिणं) आणि घडीच्या कागदावरचा वाक्यखेळ (आधीच्याचा शब्द न पाहता प्रत्येकानं एकेक शब्द लिहायचा) ठेवायचा विचार आहे. पण वाक्यखेळ मराठीत केला की लिंगाचा गोंधळ होतो. 'काळी बैल हिरवा विहीर प्यायली' असं काहीतरी निघते आणि ते अद्भुत न वाटता नुसतं चुकलेलं वाटते. यावर उपाय आहे का?

आणि ग्रेसचं नाव कोणीतरी काढणारच. तेव्हा काय म्हणावं?

तुराटी

पांदणभाऊ, दोन तासांत चळवळीतले पाचच्या वर कवी घेऊ नका. आणि चळवळीचा म्होरक्या ब्रतों, त्याच्या १९२४ च्या जाहीरनाम्यातली व्याख्या सुरुवातीला वाचू नका. 'शुद्ध मानसिक स्वयंचलितता' हे शब्द ऐकले की पोरं खिडकीबाहेर पाहायला लागतात. व्याख्या हातानं करून झाल्यावर वाचा, तेव्हा ती समजते.

सुरुवात लोत्रेआमाँपासून करा. खरं नाव इझिदोर द्युकास, जन्म माँतेव्हिदेओचा १८४६ चा, मृत्यू पॅरिसमध्ये १८७० ला, वय २४. चळवळीच्या पन्नास वर्षं आधीचा माणूस, पण चळवळीनं त्याला आजोबा मानलं. ब्रतोंनं १९१९ मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून त्याचा एक विसरलेला मजकूर हातानं उतरवून घेतला आणि आपल्या मासिकात छापला. त्याची एक उपमा सगळ्यांना ठाऊक असते: शवविच्छेदनाच्या टेबलावर शिलाई मशीन आणि छत्री यांची अचानक गाठ पडावी, तितका सुंदर. ती फळ्यावर लिहा आणि त्यातलं टेबल पुसून टाका. उरली शिलाई मशीन आणि छत्री. पावसाळ्यात कोणत्याही टेलरच्या दुकानात दोन्ही शेजारी शेजारी असतात, कोणी वळून पाहत नाही. आता टेबल परत लिहा. दोन वस्तू जिथं भेटतात ती जागाच सगळं काम करते, हे पोरांना दोन मिनिटांत दिसते.

लगेच फ्रेंच कवी रव्हेर्दी. १९१८ मध्ये त्यानं मांडलं की दोन वास्तवं एकमेकांपासून जितकी दूर आणि त्यांच्यातलं नातं जितकं नेमकं, तितकी प्रतिमा जोरकस. लोकांना यातलं 'दूर' लक्षात राहते आणि 'नेमकं' विसरते. बहुतेक नकली अतिवास्तव कविता इथंच पडतात. ब्रतोंनं हे वाक्य जाहीरनाम्यात घेतलं खरं, पण भांडण काढलं: अशा दोन गोष्टी मुद्दाम शोधून जवळ आणता येत नाहीत, त्या आपणहून जवळ येतात आणि ठिणगी पडल्यावर आपल्याला कळते. इथून आपोआप लेखनाकडे सरळ वाट आहे.

मग ब्रतों आणि सूपो (१९१९ चं जोडलेखन), एल्युआर, देस्नोस आणि शेवटी एमे सेझेर. सेझेरला वगळू नका. मार्टिनिक हे कॅरिबियन समुद्रातलं उसाचं बेट आणि तिथली फ्रेंच वसाहत हा त्याच्या कवितेचा पाया आहे. शेतकऱ्यांसमोर हा कवी सगळ्यांत लवकर पोचतो. १९४१ मध्ये ब्रतों युद्धातून पळून अमेरिकेकडे जाताना त्या बेटावर अडकला होता. मुलीसाठी रिबीन घ्यायला एका दुकानात शिरला आणि तिथं त्याला सेझेरच्या मासिकाचा पहिला अंक दिसला. सेझेरची मुख्य दीर्घ कविता मात्र १९३९ चीच, म्हणजे त्याला ब्रतोंनं घडवलं असं सांगू नका. जॉयस मन्सूर या कवयित्रीच्या १९५३ च्या पहिल्या संग्रहातल्या कविता छोट्या आणि भेदक आहेत, पण शरीराबद्दल फार उघड. बारावीची पोरं आणि म्हातारे एका सतरंजीवर असताना आधी स्वतः वाचून निवड करा.

'सुररिअलिस्ट' हा शब्द फ्रेंच कवी अपोलिनेरचा, १९१७ चा. त्याला एक मिनिट पुरे.

आता संत्रा. ओळ एल्युआरच्या १९२९ च्या संग्रहातली. बागायतदार म्हणतीलच की कॅरेटमध्ये चार दिवस दाबून राहिलेल्या संत्र्यावर निळी बुरशी येते. खरंच येते. पेनिसिलियमची एक जात निळी, दुसरी हिरवी. त्यांना बोलू द्या, पण कवितेचा अर्थ तिथं नेऊन बांधू नका. अवकाशातून पृथ्वी निळी दिसते हेही कोणी म्हणेल. पण ते पाहणारा पहिला माणूस १९६१ मध्ये अवकाशात गेला, म्हणजे ओळीनंतर.

वाचायची पद्धत अशी. फळ्यावर लिहा: 'पृथ्वी संत्र्यासारखी ____ आहे.' रिकामी जागा भरायला सांगा. सगळे 'गोल' म्हणणार, कारण ध्रुवांशी चपटी, संत्र्यासारखी पृथ्वी हे आपण भूगोलात घोकलेलं आहे. आता 'गोल' पुसून 'निळी' लिहा. उपमेचा सांगाडा जागच्या जागी आहे, आतला जोडणारा गुण तेवढा काढून घेतला. पृथ्वी निळी हे ठीक, पृथ्वी संत्र्यासारखी हेही ठीक. दोन बरोबर गोष्टी एका वाक्यात घातल्या आणि वाक्य वेडं झालं. पुढच्याच ओळीत कवी बजावतो की यात चूक नाही, शब्द खोटं बोलत नाहीत. रंगचक्रात निळ्याच्या बरोबर समोर नारिंगी बसतो, तेही सांगा. रव्हेर्दीचं 'दूर' आणि 'नेमकं' दोन्ही एका ओळीत मिळतात.

एक भानगड. फ्रेंचमध्ये क्रम आहे 'पृथ्वी निळी आहे, संत्र्यासारखी'. तिथं धक्का शेवटच्या शब्दाला बसतो. मराठीचा सहज क्रम 'पृथ्वी संत्र्यासारखी निळी आहे', यात धक्का 'निळी'वर बसतो. दोन्ही मोठ्यानं वाचा आणि कोणता जास्त झोंबते ते मंडळींनाच विचारा. मला मराठीचा सहज क्रमच बरा वाटतो. ऐकणारा 'गोल' म्हणायला तोंड उघडतो आणि 'निळी' कानावर येते.

पऱ्हाटी

आपोआप लेखनाबद्दल. हे म्हणजे मनाला येईल ते खरडणं, असा समज घेऊन लोक बसतात आणि मग निबंध नाहीतर भजन लिहून उठतात. ब्रतोंनं जाहीरनाम्यात कृती दिली आहे आणि ती स्वयंपाकाच्या कृतीइतकी नेमकी आहे: मन एकाग्र होईल अशा जागी बसा, लिहायचं साहित्य आधीच जवळ ठेवा, शक्य तितके निष्क्रिय व्हा, आपली हुशारी विसरा, विषय न ठरवता लिहा, आणि इतक्या वेगानं लिहा की मागचं आठवणार नाही आणि परत वाचायचा मोह होणार नाही. विरामचिन्हं नकोत, ती प्रवाह तोडतात.

मराठीत वेगाच्या आड पहिली येते ती शिरोरेषा. शब्द झाला की हात मागे जातो, रेघ ओढतो, आणि तेवढ्या क्षणात डोकं पुढचा शब्द निवडून ठेवते. म्हणून शिरोरेषा द्यायचीच नाही. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार चुकला तर चुकू द्या. मास्तर लोकांना हे सगळ्यांत जड जाते, त्यांना वेगळं बसवा. मोबाइलवर लिहायला देऊ नका, कीबोर्ड पुढचा शब्द सुचवतो आणि मग ते कीबोर्डाचं आपोआप लेखन होते.

साहित्य: माणशी चार कोरे कागद, एकाच बाजूला लिहायचं, पान उलटताना तंद्री मोडते. बॉलपेन दोन, एक अडलं तर दुसरं. एकानं घड्याळ धरायचं, त्यानं लिहायचं नाही.

वेळ: पहिली पाच मिनिटं सरावाची, ते कागद लगेच फाडायचे. का, तर पहिल्या पाच मिनिटांत डोक्यातलं तयार सामान बाहेर पडते. व्हॉट्सअॅपवरचे सुविचार, सिनेमाची गाणी, अभंगाचे तुकडे. ते निघून गेलेलं बरं. मग १५ मिनिटं सलग. दहा मिनिटं विश्रांती, पाणी. मग परत १५, पण या वेळी आणखी भरभर. ही वेग बदलायची युक्ती ब्रतों-सूपोंची. १९१९ मध्ये दोघांनी प्रकरणागणिक वेग आधी ठरवून लिहिलं होतं आणि वेग बदलला की मजकुराची जात बदलते हे त्यांना दिसलं. सावकाश लिहिलं की आठवणी येतात. वेग वाढवला की वाक्यं लहान होतात आणि वस्तू एकमेकींवर आदळायला लागतात.

अडलं तर? दोन उपाय, दोन्ही ब्रतोंचेच. लक्ष उडालं आणि शांतता पसरली तर चालू ओळ बेधडक तोडायची आणि नवीन वाक्य सुरू. एखादा शब्द संशयास्पद वाटला, म्हणजे आपण मुद्दाम 'काव्यमय' घातला असं जाणवलं, तर एक अक्षर ठरवून ठेवायचं आणि पुढचा शब्द त्याच अक्षरानं सुरू करायचा. त्यानं 'ल' सुचवलं होतं. ते मराठीतही चालते: लिंबू, लगाम, लोखंड, लव, लाटणं. 'ण' आणि 'ळ' घेऊ नका, त्यांनी मराठी शब्द सुरूच होत नाहीत. प्रत्येकानं आपलं अक्षर नको, साऱ्यांचं एकच, आणि बैठकभर तेच.

सगळ्यांत मोठी खोड यमकाची. आपल्या कानात ओवी-अभंग इतके मुरलेले आहेत की तिसऱ्या ओळीला हात आपणहून यमक जुळवतो. भजनी मंडळातल्या लोकांचं हे हमखास होणार. यमक दिसलं की रेघ मारून नवं वाक्य, एवढं आधी सांगून ठेवा. रागवू नका. यमक हाही एक प्रकारे आपोआपपणाच आहे, फक्त दुसऱ्यानं घडवून ठेवलेला.

वाचताना कागद अदलाबदल करा, लिहिणाऱ्यानं स्वतःचं वाचायचं नाही. स्वतःचं असलं की माणूस माफी मागत वाचतो. पंधरा मिनिटांच्या मजकुरात दोन-तीन वाक्यं जिवंत निघाली तरी पुष्कळ. खुद्द ब्रतोंनं १९३३ मध्ये कबूल केलं की या लेखनाचा इतिहास म्हणजे सततचं दुर्दैव आहे. हे पोरांना आधी नाही, नंतर सांगा.

आणि एक गोष्ट करू नका. १९२२ च्या शरदात ही मंडळी अंधारात टेबलाभोवती एकमेकांचे हात धरून बसत आणि क्रेव्हेल, देस्नोस, पेरे झोपेसारख्या अवस्थेत बोलत. देस्नोस तर तासन् तास. ब्रतोंला भुताखेतांशी काही देणं-घेणं नव्हतं, बोलणं बोलणाऱ्याच्याच आतलं आहे असंच तो मानत होता. पण प्रकार हाताबाहेर गेला, मारामारीपर्यंत आला आणि थांबवावा लागला. आपल्या गावात दिवे घालवून कोणी डोळे मिटून बोलायला लागलं की बाहेर 'अंगात आलं' अशीच बातमी जाणार. लाइट गेली तर कंदील लावा.

पांदण

शिरोरेषेचं भारी सांगितलं. दोन शंका. वर्तमानपत्राचे शब्द कापून पिशवीत घालून कविता करायची असते ना, ती कोणाची? आणि भजनी मंडळ आत्ताच म्हणून राहिलं आहे की 'मुंगी उडाली आकाशी' हे काय वेगळं आहे मग? आमच्याकडे सातशे वर्षांपासून आहे.

मोहफूल

पिशवीची कृती त्रिस्तान त्साराची, १९२० ची, आणि ती दादावादी, म्हणजे अतिवास्तववादाच्या आधीच्या चळवळीतली. इंटरनेटवर ती सर्रास अतिवास्तववादी म्हणून फिरते. फरक महत्त्वाचा आहे. तिथं योगायोगाला राज्य द्यायचं आणि अर्थाची खिल्ली उडवायची. आपोआप लेखनात योगायोग नसतो, आत काहीतरी आहे ते बाहेर येऊ द्यायचं असते. आणि मराठीत पिशवी तशीही जमत नाही. आपले प्रत्यय शब्दाला चिकटलेले. 'शेतकऱ्यांच्या', 'बाजारात', 'पावसानं' असे तुकडे निघतात आणि प्रत्येक तुकडा पुढच्याची वाट पाहत लोंबकळतो. करायचंच असेल तर बातम्या सोडा, मथळे घ्या आणि दोन-तीन शब्दांचे गट कापा.

आता वाक्यखेळ. तुमचा गोंधळ होतो कारण फ्रेंच साचा तसाच उचलला. खेळ १९२५ च्या सुमाराचा, पॅरिसमध्ये ५४, र्यू द्यु शातो या घरातला. प्रेव्हेर, तांगी, द्युहामेल तिथं राहत. पहिलं वाक्य निघालं ते साधारण 'सुरेख मढं नवी वाइन पिईल' असं, त्यातल्या पहिल्या दोन शब्दांवरून खेळाचं नाव पडलं. फ्रेंच क्रम नाम-विशेषण-क्रियापद-नाम-विशेषण. मराठीत क्रियापद शेवटी, विशेषण नामाच्या आधी. म्हणून घरं अशी: विशेषण, नाम, विशेषण, नाम, क्रियापद.

पण क्रमानं अर्धंच काम होते. खरी मेख काळात आहे. भूतकाळ घेतला तर कर्त्याला 'नं' लागतो आणि क्रियापद कर्माच्या लिंगानं चालते: कंदिलानं रविवार उसवला, कंदिलानं विहीर उसवली. पाचव्या माणसाला चौथ्याचा शब्द दिसतच नाही, तो काय जुळवणार? वर्तमानकाळात 'उसवतो, उसवते, उसवतं' असं कर्त्याचं लिंग येते. भविष्यकाळात मात्र तृतीयपुरुषी एकवचनाला लिंगच नाही. तो उसवेल, ती उसवेल, ते उसवेल. झालं! मूळ फ्रेंच वाक्यही भविष्यकाळातच आहे, 'पिईल'. वऱ्हाडीत 'तो येईन, ती येईन' म्हणतात, तिथंही लिंग नाही, त्यामुळे गावच्या बोलीत केलं तरी चालते. फक्त सगळ्यांनी एकच बोली धरा.

विशेषणं बदलणारी नकोत. काळा-काळी-काळं, ओला-ओली-ओलं ही आकारान्त सगळी बाद. न बदलणारी घ्या: जड, लाल, मऊ, थंड, गोड, उदास, गरीब. 'ट' लावून झालेल्यांचा तर साठाच आहे: आंबट, तुरट, खारट, कडवट, हिरवट, मळकट, चिकट. वीसेक शब्दांची यादी फळ्यावर लिहून ठेवली तर पोरं त्यातलेच उचलतात, म्हणून नियम सांगा, यादी लिहू नका.

नामं एकवचनी. पहिलं काहीही चालते. दुसरं (म्हणजे चौथ्या घरातलं) निर्जीव पाहिजे, कारण सजीव कर्माला 'ला' लागतो. 'कंदील बैल गिळेल' यात कोण कोणाला गिळते तेच कळत नाही. क्रियापद सकर्मक पाहिजे: गिळेल, पेरेल, भाजेल, विकेल, मोजेल, शिवेल, उसवेल. 'झोपेल', 'पळेल' घातलं की कर्म अधांतरी राहते.

असं केलं की काय निघते त्याचा नमुना:

जड कंदील तुरट रविवार उसवेल.
आंबट कुलूप उदास पावसाळा पेरेल.

व्याकरण पक्कं, अर्थ मात्र सटकलेला. वाक्य चुकलेलं दिसलं की वाचणारा मनातल्या मनात ते दुरुस्त करतो आणि मोकळा होतो. बिनचूक दिसलं तर त्याला अर्थाशी झटावंच लागते. म्हणून ही सगळी कटकट.

कागद ए-फोर, उभा. त्याच्या पाच पट्ट्या, प्रत्येकी साधारण ६ सेंमी. लिहून झालं की पट्टी मागच्या बाजूला दुमडायची आणि कागद पुढच्याकडे. जेल पेन पातळ कागदाआरपार दिसते, बॉलपेन वापरा. पंधरा जणांचे पाच-पाचचे तीन गट, आणि प्रत्येक गटात एकाच वेळी पाच कागद फिरवा, म्हणजे कोणी रिकामं बसत नाही आणि दहा मिनिटांत गटाची पाच वाक्यं होतात. एखादा कमी आला तर चौघांच्या गटात पहिल्यानं पहिलं आणि पाचवं अशी दोन्ही घरं भरायची. कागद फिरून त्याच्याकडेच येतो. प्रत्येक फेरीआधी मोठ्यानं सांगा, 'आता विशेषण', 'आता नाम'. नाहीतर एखादा महाभाग चौथ्या घरात आख्खी म्हण लिहून मोकळा होतो.

म्हाताऱ्यांना व्याकरणाची घरं नको वाटली तर दुसरा खेळ आहे. एकानं 'अमुक म्हणजे काय?' असा प्रश्न लिहून कागद दुमडायचा, दुसऱ्यानं प्रश्न न पाहता उत्तर लिहायचं. असे संवाद त्यांनी १९२८ मध्ये आपल्या मासिकात छापले. तसाच 'जर–तर'चा: एक 'जर' लिहितो, दुसरा न पाहता 'तर'. मराठीत हे दोन शब्द एकमेकांना इतके पक्के बांधलेले आहेत की मध्ये काहीही ठेवा, वाक्य उभंच राहते. कोडी घालणाऱ्या माणसांना हा खेळ शिकवावा लागत नाही.

बाभूळ

मुंगीचं मी सांगतो. मुक्ताबाईची मुंगी उडाली, तिनं सूर्य गिळला, पुढं वांझेले पोरगं झालं, माशी व्याली अन् घार झाली. प्रतिमा म्हणून पाहाल त पॅरिसवाल्यायले हार जाणार नाई. पण हे कूट हाय. कूटाले किल्ली असते. कीर्तनात बुवा एकेक कडवं घेऊन उकलून दाखवते, जीव म्हणजे काय, ज्ञान म्हणजे काय. एकनाथाच्या घरची उलटी खूण तशीच. किल्ली लावली की कुलूप उघडते अन् आत अर्थ बसलेला असते. त्या पॅरिसवाल्यायच्या कुलपाले किल्लीच नाई. काऊन का त्यायनं कुलूपच बनवलं, पेटी बनवली नाई.

पण पांदणभाऊ, भजनी मंडळाले नाराज करू नका. देस्नोसची एक मुंगी हाय, ती घ्या. १९४४ मध्ये लेकरांसाठी छापलेल्या कवितांतली. अठरा मीटर लांब मुंगी, डोक्यावर टोपी. गाडी ओढते, गाडीत पेंग्विन अन् बदकं. फ्रेंच, लॅटिन अन् जावानीज भाषा बोलते. दर वेळी कवी म्हणते, असं काही नसतेच. अन् शेवटी विचारते, काऊन नसावं? दोन्ही मुंग्या एकाच कागदावर छापा. पयलीचा अर्थ म्हाताऱ्यायले विचारा, दुसरीचा लेकरायले. म्हातारे अर्धा तास सांगतीन. लेकरं म्हणतीन, अर्थ कायचा, मुंगी हाय ना ते.

तुराटी

बाभूळभाऊंनी मुंगीची जोडी लावली ती मला सुचली नव्हती. क्रमात मी देस्नोस चौथा ठेवला होता, तो आता एल्युआरच्या आधी आणा. मुंगीनं दार उघडलं की संत्रा सोपा जातो.

ग्रेसबद्दल. जन्म नागपूरचा, १९३७, पहिला संग्रह १९६७ चा. आपल्या भागाचा कवी म्हणून नाव निघणारच. प्रतिमा स्वप्नातल्यासारख्या आहेत, एका वस्तूतून दुसरी उमलते, अर्थ हातात येता येता निसटतो, हे सगळं कबूल. पण लय आणि यमक किती बांधीव आहे ते पाहा. पऱ्हाटीताईंनी ज्याला रेघ मारायला सांगितलं तेच तिथं कवितेचं हाड आहे. ग्रेसला अतिवास्तववादी म्हटलं की ऐकणारा त्याची लय ऐकायचं थांबतो, हे नुकसान मला मोठं वाटते. मर्ढेकरांच्या पिंपातल्या उंदरांचंही तेच. चित्र भयानक, पण एकेक मात्रा मोजून बसवलेली. मराठीत जवळचं उदाहरण हवंच असेल तर अरुण कोलटकरांच्या १९७७ च्या मराठी संग्रहातल्या सुरुवातीच्या कविता काढा.

बाभूळ

लय असली म्हणून स्वप्न नसते काय? देस्नोसनं बी यमकात लिहिलं. एल्युआरच्या कानाले बी लय सुटली नाई.

तुराटी

देस्नोसनं यमकात लिहिलं आणि तेच ब्रतोंनं दुसऱ्या जाहीरनाम्यात त्याच्यावर काढलेल्या तक्रारींपैकी एक होतं. म्हणजे तुमचा मुद्दा चळवळीच्या आतलाच वाद आहे, हे मान्य. तरी 'अतिवास्तववादी' आणि 'अतिवास्तव वाटणारी' हे दोन शब्द मी वेगळे ठेवीन. मेक्सिकन कवी ऑक्ताव्हिओ पाझ १९४० च्या दशकाच्या शेवटी पॅरिसमध्ये त्या गटात वावरला, त्यांच्या संग्रहात छापला गेला. त्याला पहिला शब्द लावता येतो. (हा पाझ १९६२ ते १९६८ दिल्लीत मेक्सिकोचा राजदूत होता आणि त्याची घारापुरीवर कविता आहे. महाराष्ट्राशी धागा हवा असेल तर हा घ्या.) ग्रेसला दुसरा.

पऱ्हाटी

इंग्रजीवरून मराठी करताना चार ठिकाणी पाय घसरते, आधीच सांगून ठेवते.

'सारखा' उगाच घालू नका. ब्रतोंची १९३१ ची एक कविता आहे, बायकोच्या एकेका अवयवाची यादी. पहिल्याच ओळीत केस आहेत लाकडाच्या जाळाचे. 'जाळासारखे' नाही, जाळाचे. मूळात उपमावाचक शब्द नाही आणि तो न घालण्यातच गंमत आहे. एल्युआरच्या संत्र्यात तो शब्द आहे, तिथं 'सारखी' ठेवायचीच. ब्रतोंच्या ओळीत 'माझी बायको' म्हणायचं की 'माझी बाई', हाही घोळ आहे. फ्रेंचमध्ये दोन्हीला एकच शब्द. मी 'बायको' घेईन, 'स्त्री' घेतलं की ओळ व्यासपीठावर चढते. आणि 'सरपणाच्या जाळाच्या केसांची' अशी 'च्या'ची माळ लागली की वाक्य तोडा: 'माझी बायको, केस सरपणाच्या जाळाचे'.

फ्रेंचमध्ये चंद्र स्त्रीलिंगी, सूर्य पुल्लिंगी. आपल्याकडे दोघंही बाप्ये. चंद्राला बाई मानून लिहिलेली ओळ असेल तर तिथं अडतेच, 'चांदणी' केलं तर वस्तूच बदलते. अशी कविता सरळ सोडून द्या, दुसऱ्या पुष्कळ आहेत. मृत्यूही तिकडे स्त्रीलिंगी आहे.

पत्रक छापणार असाल तर: आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. एल्युआर १९५२ ला गेला, देस्नोस १९४५ ला, ते मोकळे. ब्रतों १९६६ ला गेला, म्हणजे २०२६ च्या अखेरपर्यंत नाही. सेझेर २००८ चा, तो तर नाहीच. आणि ज्या इंग्रजी अनुवादावरून तुम्ही करता त्याचा हक्क वेगळा असतो, तो तपासा. बैठकीत वाचून दाखवायला अडचण नाही.

पांदण

सगळ्यांचे आभार. बेत असा धरला आहे: शिलाई मशीन १० मिनिटं, दोन मुंग्या २०, संत्रा १५, आपोआप लेखन वाचनासकट ४५, वाक्यखेळ २०, सेझेर १०. पत्रकाच्या एका बाजूला दोन मुंग्या. दुसऱ्या बाजूला देस्नोसची छळछावणीत लिहिलेली अखेरची कविता टाकतो आहे, इंग्रजी पुस्तकात 'लास्ट पोएम' म्हणून आहे ती, आठ-दहा ओळींचीच. मराठी केली आहे.

मोहफूल

ती थांबवा. तशी कविता त्यानं छावणीत लिहिलेली नाही. देस्नोसला फेब्रुवारी १९४४ मध्ये पकडलं आणि छावणी मुक्त झाल्यावर महिन्याभरानं, ८ जून १९४५ ला, तो आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या तेरेझीनमध्ये टायफसनं गेला, हे खरं. पण ती कविता म्हणजे त्याच्याच १९२६ च्या एका प्रेमकवितेचा शेवटचा भाग आहे. तो भाग चेकमध्ये अनुवादित होऊन तिथल्या वर्तमानपत्रात मृत्यूच्या बातमीबरोबर आला. तो मूळ चेकच मजकूर समजून कोणीतरी परत फ्रेंचमध्ये आणला आणि 'अखेरची कविता' जन्माला आली. तुमची मराठी म्हणजे फ्रेंच, चेक, फ्रेंच, इंग्रजी, मराठी अशी पाचवी पायरी झाली.

१९२६ ची मूळ कविता, 'तुझी इतकी स्वप्नं पाहिली' अशी सुरू होणारी, बहुतेक इंग्रजी निवडीत असते. ती पूर्ण टाका. स्वप्न इतकं पाहिलं की ती खरी उरली नाही आणि तो स्वतःच सावली झाला, असा तिचा ओघ आहे. प्रेमकविता म्हणून वाचू द्या. कवी कसा गेला ते नंतर सांगा, आधी नाही.

पांदण

बरं झालं विचारलं. पत्रक शनिवारी झेरॉक्सला जाणार आहे, त्याआधी बदलतो. पानावर जागा कमी पडली तर पेंग्विन काढू का?

बाभूळ

पेंग्विन राहू द्या. टोपी बी राहू द्या. अक्षर बारीक करा.